हिलेगोंतच्या गळ्यात पडलेले गलबत

हिलेगोंतबद्दल कुणीतरी लिहायला हवे होते आणि ते काम माझ्याकडे आले नसते तर बरे झाले असते. मी एकतीस वर्षे लिलावाच्या टेबलाशी बसून दुसऱ्यांनी ओरडलेले आकडे लिहिले. स्वतःच्या मनातले वाक्य लिहायची मला सवय नाही. पण तिला पाहिलेले असे आता या एंकहाउझन बंदरात आम्ही चार-पाच जणच उरलो आहोत आणि त्यांतले दोघे थापा मारतात.

ती जाळी विणणाऱ्याची मुलगी. हेरिंग मासळीच्या जाळ्यांतली भोके भरणे हाच तिचाही धंदा होता. बोटे डांबराने कायमची काळी. नवरा यॉर्डन चांगला धिप्पाड खलाशी होता, पण गलबत सुटायच्या आदल्या दिवशी धक्क्यावरून पाय घसरून पडला आणि बुडाला. त्याबद्दल तिला दुःखापेक्षा रागच जास्त होता.

"एक दिवस थांबून बुडाला असता तर काय बिघडलं असतं?" ती म्हणायची. "कामावर बुडणाऱ्याच्या बायकोला मच्छीमारांच्या फंडातून दर आठवड्याला वीस स्टायव्हर, म्हणजे अख्खा एक गिल्डर मिळतो. पण याला प्रत्येक गोष्टीची घाई."

जाळ्यांवर पोट भरत नव्हते. मग तिने आवाज विकायला सुरुवात केली. म्हणजे काय ते सांगण्यासाठी आमच्या लिलावाची रीत सांगायला हवी.

आमच्याकडे गलबत किंवा घर विकायचे असले की ते एका सकाळी दोनदा पुकारतात. आधी चढती बोली. जो सगळ्यांत वर जाईल त्याला तिथल्या तिथे तीन गिल्डर बक्षीस. पण वस्तू अजून त्याची झालेली नसते. मग लिलाव पुकारणारा खूप वरचा आकडा धरतो आणि एकेक पायरी खाली उतरू लागतो. मध्येच जो "माझं!" म्हणून ओरडेल, त्याची वस्तू. कुणीच ओरडले नाही आणि आकडा उतरत उतरत पहिल्या बोलीपर्यंत आला, तर मात्र तीन गिल्डर घेणाऱ्याच्याच गळ्यात ती पडते.

ज्यांना खरोखर विकत घ्यायचे असते ते व्यापारी चढत्या बोलीत तोंड उघडत नाहीत. ते उतरत्या बोलीची वाट बघत पाइप ओढत बसतात. त्यामुळे खिशात दमडी नसलेली माणसे चढत्या बोलीत ओरडून तीन गिल्डर घेऊन जायची. तिला आठवडाभर जाळी विणून तेवढे मिळत नसत. बहुतेक जण दोन-चार वेळा कमवायचे आणि पाचव्या वेळी अडकायचे. हिलेगोंत अकरा वर्षांत एकदाही अडकली नव्हती.

मी एकदा तिला विचारले, "मावशी, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"कसली भीती? खरी किंमत ओळखायची आणि तिच्या चार पायऱ्या खाली जाऊन उभं राहायचं. वर कुणीतरी येतंच."

किंमत ओळखण्यासाठी ती आदल्या दिवशी गलबतावर जायची. तळाशी उतरून वास घ्यायची, फळ्यांत चाकू टोचायची आणि शेवटी आचाऱ्याला गाठायची. मालक खोटे बोलतो, कप्तान खोटे बोलतो, पण गलबताच्या तळाशी किती पाणी साचते हे आचारी खरे सांगतो, कारण पाय त्याचे भिजतात, असे तिचे मत होते.

व्यापाऱ्यांना ती आवडत नसे. ती खालून आकडा रेटून ठेवायची, त्यामुळे कुणाला काहीच फुकटात मिळायचे नाही. सगळ्यांत जास्त चिडायचा तो सीवर्त. त्याची हेरिंगची चार गलबते होती, घराला दगडी पायऱ्या होत्या आणि बोलताना तो हनुवटी वर धरायचा. तो तिला पिसू म्हणायचा.

"सीवर्तशेट," ती म्हणायची, "पिसू चांगल्या अंगावरच बसते. अभिमान बाळगा."

मार्च महिन्यात 'बांडी गाय' नावाचे गलबत लिलावाला आले. मालक म्हातारा होऊन मुलीकडे राहायला गेला होता. गलबत जुने, पण लाकूड घट्ट. जाळ्यांसकट ते सोळाशे गिल्डरला जाईल असे कुणीही सांगितले असते. आदल्या दिवशी मी 'सोनेरी पिंप' खानावळीत बसून लेखण्या तासत होतो. शेजारच्या टेबलावर सीवर्त सहा-सात व्यापाऱ्यांना बिअर पाजत होता. लेखण्या तासणाऱ्या माणसासमोर लोक काहीही बोलतात.

"उद्या ती बाराशेच्या आसपास थांबेल," सीवर्त म्हणाला. "मग कुणीही तोंड उघडायचं नाही. पुकारणाऱ्या फ्लोरिसला घसा फुटेपर्यंत ओरडू दे. गाय तिच्या गळ्यात बांधू."

"आणि मग?" एकाने विचारले.

"मग काय, पैसे कुठून आणणार ती? गलबत मी घेईन नऊशेला. फरक तिने भरायचा. नाही भरला तर कातणघर. तुमची बिअर माझ्याकडे लागली, उद्याचीही."

मी हे तिला जाऊन सांगायला हवे होते. तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलोही होतो. मग मनात आले, सीवर्त गंमत करत असेल. शिवाय कारकुनाने लिलावात नाक खुपसू नये, असा नियम आहे. मी परत फिरलो. घरी जाऊन खारवलेली हेरिंग आणि कांदा खाल्ला, तो मला बाधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला खानावळ भरली. पुकारणारा फ्लोरिस बाकावर चढला. चढती बोली नेहमीसारखीच झाली. हिलेगोंतने "बाराशे!" म्हटले, कुणी पुढे गेले नाही, मी तिला तीन गिल्डर मोजून दिले आणि तिने ते चोळीत खोचले. खोचताना ती माझ्याकडे बघून हसली. मी शाईच्या दौतीकडे बघितले.

फ्लोरिसने चोवीसशेपासून सुरुवात केली. तेवीसशे. बावीसशे. अठराशेला माणसे पाइप खाली ठेवतात, सतराशेला घसा खाकरतात, सोळाशेच्या अलीकडे पलीकडे कुणीतरी ओरडते.

"सोळाशे," फ्लोरिस म्हणाला. कुणी हलले नाही.

"पंधराशे पन्नास... अहो मंडळी, पंधराशे पन्नास! नवी जाळी आहेत!"

हिलेगोंतने मान वळवली. व्यापारी छताकडे बघत होते, जणू छतावर हेरिंग पोहत होत्या.

"चौदाशे... सीवर्तशेट, बरं नाहीये का?"

"मला काय झालंय?" सीवर्त म्हणाला. "मी ऐकतोय."

तेराशेला फ्लोरिसचा आवाज बसला. साडेबाराशेला तो थांबला, पाणी प्यायला, आणि मग अगदी हळू म्हणाला, "बाराशे. गलबत हिलेगोंतचं, यॉर्डनच्या विधवेचं."

मग सगळी खानावळ एकदम हसली. इतका वेळ दाबून ठेवलेले हसू ते. एकाच्या नाकातून बिअर आली.

फ्लोरिसला नियम वाचावाच लागला. पैसे सेंट जॉनच्या सणाला, म्हणजे जूनअखेर द्यायचे. पण आज संध्याकाळी वेशीची घंटा वाजेपर्यंत गावात स्वतःचे घर असलेले दोन जामीन उभे केले पाहिजेत. नाहीतर गलबत पुन्हा विकायचे, कमी पडेल तेवढे बोली करणाऱ्याने भरायचे. भरता आले नाही तर कातणघर. कातणघरात बाया पहाटेपासून सूत काततात आणि तिथून परत आलेल्या बाईला गावात कुणी जाळे विणायला देत नाही.

सीवर्त तिच्या बाकाजवळ गेला. "घाबरू नका मावशी. मी आहे ना. नऊशेला नेतो मी. वरचे तीनशे तेवढे तुम्ही बघा."

"तीनशे," ती म्हणाली. तिचा चेहरा पीठ लावल्यासारखा झाला होता. मग तिने बोटांवर काहीतरी मोजले. "शेट, गाय सोळाशेची होती ना हो?"

"होती की."

"मग मी बरोबरच बोलले होते. तुम्ही सगळे चुकलात," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

पुढचे मला नंतर तिच्याकडूनच कळले, आणि काही काही गोष्टी तिने तीन वेळा तीन तऱ्हांनी सांगितल्या. त्यांतली मधली तऱ्हा मी इथे देतो.

धक्क्यावर उभे राहून तिने आधी रडून घेतले. मग गलबताकडे बघत विचार केला, की सोळाशेची वस्तू बाराशेला मिळाली आहे आणि ती आपल्यालाच मिळाली आहे. चारशे गिल्डर समोर पाण्यावर डुलत होते. फक्त ते उचलायला माणसे हवी होती. आमच्याकडे गलबत एकट्याचे क्वचितच असते. त्याचे चौसष्ट हिस्से करतात. कुणी आठ घेतो, कुणी एक. आणि गलबताला जे जे लागते ते विकणारा माणूस हिस्सा घ्यायला पटकन तयार होतो, हे तिला जाळ्यांच्या धंद्यामुळे ठाऊक होते. ज्याचा हिस्सा, त्याचाच माल गलबतावर चढतो.

ती पहिल्यांदा लुबर्त बेकरीवाल्याकडे गेली. त्याचे स्वतःचे घर होते आणि त्याचा पाव गावभर बदनाम होता.

"लुबर्तभाऊ, तुझा पाव गावात कुणी खात नाही."

"आलीस का सकाळी सकाळी अपमान करायला?"

"ऐक तर. तो दगडासारखा आहे म्हणून कुणी खात नाही. पण दगड चार महिने टिकतो. समुद्रावर अजून काय पाहिजे? आणि तिथे खलाशी दुसऱ्या बेकरीत जाणार आहेत का?"

लुबर्तने पिठाचे हात पुसले. "माणसं किती असतात एका गलबतावर?"

"चौदा. रोज तीन वेळा."

मग त्याने आठ हिस्से घेतले आणि जामीन राहायचे कबूल केले.

त्यानंतर ती पिंपे बनवणाऱ्याकडे गेली, मिठाच्या दुकानात गेली, दोर वळणाऱ्याकडे गेली, डांबरवाल्याकडे गेली. प्रत्येकाला सांगितले की बाकीच्यांनी घेतलेच आहे. पहिल्या दोघांच्या बाबतीत ते खोटे होते. पुढच्यांच्या बाबतीत खरे झाले होते. तीन वाजेपर्यंत पन्नास हिस्से बोलून झाले. पण दुसरा जामीन मिळेना. कुणाचे घर भाड्याचे, आणि ज्याचे स्वतःचे त्याला सीवर्तची भीती.

"हिस्सा दे, जामीन मागू नकोस," मीठवाला म्हणाला. "त्याच्या चारही गलबतांचं मीठ माझ्याकडचं जातं, बाई."

"आणि शिडं? शिडं कुणाकडची जातात?"

"ती पलीकडच्या होर्न गावाहून येतात. सगळ्या गावाला माहितेय. बायकोकडून नाही घेत तो."

हे म्हणताना मीठवाला हसला आणि हिलेगोंतला पुढची दिशा मिळाली.

सीवर्तची बायको आलिदा शिडाच्या कापडाची व्यापारी होती. दुकान तिचे स्वतःचे, लग्नाआधीपासूनचे, बापाकडून आलेले. कापड उत्तम. पण चारही गलबतांची शिडे सीवर्त बाहेरून आणायचा, कारण होर्नचा व्यापारी पैशांसाठी वर्षभर थांबायचा आणि आलिदा नवऱ्यालाही उधार देत नसे. गावातल्या गलबतवाल्यांना वाटायचे, नवराच घेत नाही म्हणजे कापडात काहीतरी खोट असणार.

आलिदा दुकानात कापड मोजत होती. हिलेगोंत दारात उभी राहून म्हणाली, "बाईसाहेब, तुमच्या मालकांनी मला खड्ड्यात घातलंय."

आलिदाने मान वर न करता विचारले, "किती खोल?"

"बाराशे गिल्डर."

"हं. कालची बिअर त्यासाठीच होती तर." तिने गज खाली ठेवला. "आता मी काय करू? मी रडणार नाही, तुलाही रडू देणार नाही. कापड ओलं होतं."

"मला शिडं पाहिजेत. मोठं शीड, पुढचं शीड, आणि राखीव एक. तुमच्या कापडाची. रोख. आणि धक्क्यावर प्रत्येकाला मी सांगणार, हे कापड कुठलं."

"रोख कुठून देशील?"

"मी नाही, गलबत देईल. पन्नास हिस्से गेलेत. राहिलेल्या चौदांतले आठ तुम्ही घ्या आणि जामीन राहा."

आता इथे एक गोष्ट. आमच्याकडे लग्न झालेल्या बाईची सही नवऱ्याच्या परवानगीशिवाय चालत नाही. पण गावाच्या वहीत व्यापारी म्हणून नाव असलेल्या बाईची चालते, आणि ती सही तिच्याबरोबर तिच्या नवऱ्यालाही बांधते. घर दोघांचे, धंद्याचा नफा दोघांचा, तशी जबाबदारीही दोघांची. सीवर्तला हे ठाऊक होते. आलिदाच्या दुकानाच्या जोरावर त्याने स्वतः कितीदा पैसे उचलले होते. तेच उलट्या बाजूने चालून येईल, हे मात्र त्याच्या ध्यानात आले नव्हते.

आलिदा म्हणे तेव्हा पहिल्यांदा हसली. "म्हणजे तू बुडालीस तर तो भरणार."

"मी बुडणार नाही, बाईसाहेब."

"ते मला कळलं गं. मी फक्त विचार करून बघत होते."

चारच्या सुमारास दोघी खानावळीच्या मागच्या दाराने आल्या. फ्लोरिस वरच्या खोलीत घशाला फडके गुंडाळून झोपला होता. टेबलाशी मी एकटा. मी वही उघडली. लुबर्तची सही आधीच झाली होती. आलिदाने लेखणी घेतली आणि माझ्याकडे बघितले.

"रेयर, तुला काही विचारायचंय का? असेल तर आत्ताच विचार."

विचारायला हवे होते. नवऱ्याला माहीत आहे का, एवढे तरी. मी म्हणालो, "शाई पातळ तर नाही ना?"

"छान आहे," ती म्हणाली आणि सही केली. मी शाई वाळायला त्यावर वाळू टाकली. आयुष्यात मी केलेला खोडसाळपणा एवढाच. पण अजून आठवला की बरे वाटते.

संध्याकाळी खानावळ सकाळपेक्षा जास्त भरली. सीवर्तने कोपऱ्यात पिंप उघडायला लावले होते. हिलेगोंत एका बाकावर हात मांडीवर ठेवून बसली होती. तिच्याशेजारी आलिदा विणकाम घेऊन बसली, तेव्हा सीवर्तला वाटले, बायको नवऱ्याची मजा बघायला आलीय. त्याने तिच्यासाठीही बिअरचा पेला पाठवला.

वेशीची घंटा वाजली. फ्लोरिसने वही उचलली.

"पहिला जामीन, लुबर्त बेकरीवाला."

सगळीकडे कुजबुज झाली. "एकाने भागत नाही," सीवर्त म्हणाला.

"दुसरा जामीन," फ्लोरिसने वही डोळ्यांजवळ नेली, परत लांब धरली, मग माझ्याकडे बघितले. मी मान हलवली. "दुसरा जामीन, आलिदा. शिडाच्या कापडाची व्यापारी. वहीत नाव असलेली."

मग मीठवाला खिदळला आणि त्याने तोंडावर हात ठेवला.

सीवर्त उठला. "ही सही चालणार नाही! या बयेने माझ्या बायकोला फसवलंय!"

"अहो, हळू," आलिदा म्हणाली. टाका मोजून झाल्यावरच तिने वर पाहिले. "मला कुणी फसवलेलं नाही. चार गलबतांची शिडं तुम्ही बाहेरून आणता. पाचव्याची घरून जातायत, इतकंच."

"मी मान्य करत नाही!"

फ्लोरिसचा घसा दिवसभराच्या विश्रांतीने बरा झाला असावा, कारण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असे तो बोलला, "सीवर्तशेट, आलिदाबाईंच्या सहीला पत नाही, असं म्हणणं आहे का तुमचं? तसं असेल तर लिहून घेतो. रेयर, लिही."

मी लेखणी बुडवली. खानावळीत त्या वेळी सीवर्तला मीठ, पिंपे, दोर आणि डांबर उधारीवर देणारी सगळी माणसे बसली होती. सगळे त्याच्याकडे बघत होते. आता कुणीच छताकडे बघत नव्हते.

"थांब," सीवर्त म्हणाला. "लिहू नकोस."

तो खाली बसला. हिलेगोंत उठली, बाकांमधून वाट काढत त्याच्यासमोर गेली.

"शेट, सहा हिस्से उरलेत. जबाबदारी तर आलीच आहे अंगावर. नफ्यातही या की."

"चार," तो म्हणाला.

"सहाच्या सहा. गायीचे पाय मोजून विकत नाही मी."

"अगं पण चौसष्टच्या चौसष्ट विकलेस, मग तुझं काय राहिलं?"

हे तिच्या ध्यानातच आले नव्हते. खानावळ पुन्हा हसली, पण या वेळी वेगळे. तिने डांबराने काळे झालेले बोट हनुवटीवर ठेवले.

"बरं, चारच घ्या," ती म्हणाली.

त्या वसंतात 'बांडी गायी'ची काळजी तिच्या मालकांपेक्षा सीवर्तनेच जास्त घेतली. गलबत बुडाले तर भरायचे त्यालाच होते. डांबर नीट लावतात की नाही हे बघायला तो रोज धक्क्यावर यायचा, कप्तानाशी भांडायचा, दोरांच्या गाठी स्वतः ओढून बघायचा. हिलेगोंत एका उलट्या टोपलीवर जाळे विणत बसायची आणि म्हणायची, "नीट बघा शेट, तिकडच्या फळीलाही."

पहिल्या मोसमात गलबताने फार काही आणले नाही, पण घरी आले. लुबर्तच्या पावावर दोन खलाशांचे दात पडले. दुसऱ्या मोसमात नफा झाला. आलिदाचे कापड वादळात टिकले हे धक्क्यावर सगळ्यांना कळले, कारण हिलेगोंत ते रोज सांगायची. पुढल्या वर्षी सीवर्तच्या चार गलबतांवरही तेच शीड चढले. रोखीने.

दोन हिस्से हिलेगोंतकडे मरेपर्यंत राहिले. पण हिस्से हाती आले म्हणून ती घरी बसून राहिली नाही. गलबताच्या लिलावानंतर महिन्याभरातच, एप्रिलमध्ये, सुक्या गोदीजवळचे एक घर लिलावाला आले, तेव्हा ती नेहमीच्या बाकावर हजर होती.

"मावशी, पुन्हा?" मी विचारले.

"घराचं छप्पर गळतं, पण पाया चांगला आहे. सातशेला जाईल. मी पाचशे म्हणणार."

तिने पाचशे म्हटले. मी तीन गिल्डर मोजले. फ्लोरिस बाकावर चढला आणि त्याने पहिला आकडा उच्चारला, "नऊशे..."

"माझं!" सीवर्त ओरडला. घर पुन्हा तिच्या गळ्यात पडू द्यायला आता कुणीच तयार नव्हते. त्याच दमात पलीकडून आणखी दोघे ओरडले. कोण आधी ओरडले यावरून तिघांत जी जुंपली, ती फ्लोरिसला बाकावरून उतरून सोडवावी लागली. कुणाचे नाव लिहायचे ते कळेना, म्हणून मी लेखणी तशीच धरून बसलो होतो. हिलेगोंत तोवर बाहेर पडली होती.